चाळीस मोजेपर्यंत हवा

टायरच्या अंगावर आकडे कोरलेले असतात. ते वाचायला गुडघे टेकावे लागतात, म्हणून कोणी वाचत नाही.

मागच्या अंगणात एका फुटक्या टायरात कोंबडी अंड्यांवर बसली आहे. जवळून कोणी गेलं तर मान तेवढी वर करते. बाकी ढिम्म.

पाचर लाकडाची, साडेचार किलोची. तिला दोरी आहे, आणि दोरी जिथे हातात येते तिथे चिंधी गुंडाळलेली. चिंधी दरवर्षी नवी.

डाव्या गुडघ्यात उतरताना कळ येते. उजव्या गुडघ्यात चढताना.

एक माणूस उकिडवा बसून मोजतो आहे. एक, दोन, तीन. टायरातून हवा फुसफुसत बाहेर येते आहे. चाळीसला तो थांबतो, बोटाला थुंकी लावून वाल्ववर टेकवतो, बुडबुडा येत नाही हे बघतो आणि पुढच्या टायरकडे सरकतो. त्याचा बापही असंच मोजायचा. बाप जाऊन तीस वर्षं झाली.

ट्रेलर जास्त डुलायला लागला, की तो शेपूट हलवतो असं म्हणतात.

हे सगळं एकाच घरातलं. घरात तीन माणसं आणि एक मुलगा, जो बहुतेक बाहेर असतो. एक सहा चाकी ट्रक, एक चार चाकी ट्रेलर, आणि ट्रेलरवर कायम बसलेलं मळणीयंत्र, जे घरातल्या कोणापेक्षाही जास्त खातं आणि कोणापेक्षाही जास्त कमावतं. ट्रक चालवणाऱ्याला सगळे उस्ताद म्हणतात. बायको त्याला ‘अहो’ म्हणते. बायकोला कोणी काही म्हणत नाही, कारण ती ट्रेलरच्या मागे असते आणि तिथपर्यंत हाक पोचत नाही. घरात ती थोरली.

थोरलीचं काम असं. वरच्या गावाला जायचा चढ लागला की तिने खाली उतरायचं आणि पाचर घेऊन ट्रेलरच्या मागच्या चाकापासून दोन हातांवर चालायचं. ट्रक अडला आणि मागे सरकायला लागला, की पाचर चाकाखाली सारायची. बस. सत्तावीस वर्षं ती हे करत आली. त्या चढाबद्दल तिला विचाराल तर ती काय सांगेल? ट्रेलरच्या मागच्या फळीला किती बोल्ट आहेत ते सांगेल. चौदा. त्यातला एक नवा.

गेल्या हंगामात चढाच्या तिसऱ्या वळणावर आतल्या बाजूचा मागचा टायर फुटला. आवाज एवढा झाला, की तिला आधी वाटलं आपल्यालाच काहीतरी झालं. मग ट्रकचं ढुंगण एका बाजूला बसलं, ट्रेलरने शेपूट फिरवलं आणि सगळं धूड तिच्या अंगावर येऊ लागलं. तिने पाचर सारली. बोटं वेळेत काढली, एक नख तेवढं खाली राहिलं. पाचरीने चाक धरलं, यंत्र थांबलं, आणि मग दोन तास ते तिघं उन्हात बसून राहिले, जोवर ट्रॅक्टरवाला आला नाही.

ट्रॅक्टरवाल्याचंही मळणीयंत्र होतं. त्याने साखळी लावली, उस्तादला ओढत वर नेलं, आणि वरच्या गावाच्या तोंडाशी, जिथे सगळे गव्हाचे मालक उभे होते, तिथे मुद्दाम हळू केलं. “कारभारी,” तो ओरडला, “तुमची वरात आणलीय. नवरा मागे आहे, बांधून!”

लोक हसले. उस्तादही हसला. फळीवरून उतरून पुढे आलेल्या थोरलीने बघितलं, की हसताना त्याचा हात स्टिअरिंगवर नव्हता, मांडीखाली दाबलेला होता.

यंदा कारभाऱ्याचा निरोप आला. कारभारी म्हणजे वरच्या गावच्या सगळ्या गव्हाचं काम ज्याच्या शब्दावर ठरतं तो. निरोप लहान होता. आठ तारखेला सकाळी यंत्र वर पाहिजे. स्वतःच्या पायांनी आलं तर गहू तुमचा, साखळीला बांधून आलं तर यापुढे साखळीवाल्याचा.

वरच्या गावाचा गहू म्हणजे घराचं अर्धं वर्ष. मुलगा दोन दिवस आधीच वर गेला, खळं तयार करायला. आणि उस्ताद, थोरली आणि सून, तिघं टायर घ्यायला निघाले.

*

टायरच्या दुकानात नव्या रबराचा वास एवढा दाट होता, की थोरलीच्या जिभेवर त्याची चव आली. टायर भिंतीला टेकून रांगेने उभे होते. टायरवाला खुर्चीवर बसून एका टायरला पाय लावून होता, जसं काही ते पाळीव जनावर आहे.

“या उस्ताद. सहा?”

“सहा.”

“मग विचार कसला करायचा? हे बघा.” त्याने एक टायर गरगर फिरवत पुढे आणला. त्याच्या अंगावर बोट बुडेल एवढी खोल नक्षी होती, ठोकळेच्या ठोकळे. “चिखलात घाला, दगडात घाला. ट्रॅक्टरवाला गेल्याच महिन्यात त्याच्या गाडीला घेऊन गेला.”

उस्तादने टायरवर अंगठा दाबला, नखाने ठोकळा खरवडला, वास घेतला. टायर पारखायची त्याची हीच पद्धत. त्याच्या बापाचीही हीच. “दात चांगले आहेत,” तो म्हणाला.

“बाबा,” सून म्हणाली, “किती वजन घेतो ते बघू या का?”

सून लग्नाआधी चार वर्षं वजनकाट्यावर बसत होती. मोठाल्या गाड्या अख्ख्या काट्यावर चढायच्या आणि ती खिडकीतून वजनाची चिठ्ठी द्यायची. थोरली तिला मनातल्या मनात काटेवाली म्हणायची, आणि रागात असली की मोठ्यानेही. घरात तांदूळ आला तरी ही पोरगी आधी पिशवी उचलून बघायची, आणि म्हणायची, दोनशे ग्रॅम कमी आहे. आणि नेमका तेवढाच कमी असायचा, त्याचाच तर राग यायचा.

“काय वजन?” टायरवाला म्हणाला. “ट्रकचा टायर आहे ताई, ट्रकचं वजन घेतो.”

सून खाली बसली, गुडघे टेकले आणि टायरच्या बाजूवरचे आकडे बोटाने पुसून वाचले. “एकटा असला तर एवढं, जोडीत असला तर एवढं,” ती म्हणाली. “आमच्या मागच्या चाकांच्या जोड्या आहेत. जोडीतला आकडा कमी आहे.”

“जोडीत असल्यावर कमीच होतं ताई. नवरा-बायकोचं बघा ना.” टायरवाला स्वतःच हसला.

“मागच्या चाकांवर आमचं वजन किती येतं?” सुनेने उस्तादला विचारलं.

“ट्रेलरचं वजन ट्रेलरच्या चाकांवर.”

“सगळं नाही ना बाबा. ट्रेलरचा दांडा आपल्या ट्रकच्या मागे अडकवलाय, तो खाली दाबतो. किती दाबतो?”

उस्तादला चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि विचारला तेव्हा तो दुकानात, तिऱ्हाइतासमोर, सुनेने विचारला. त्याच्या मानेवरची शीर हलली. थोरलीला ती शीर माहीत होती.

“चला,” तो म्हणाला. “काट्यावर चला. एकदाचं समाधान होऊ दे हिचं.”

*

मळणीयंत्रासह अख्खी गाडी काट्यावर मावत नव्हती. सुनेने तुकडे केले. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर. मग ट्रक पुढे घ्या, थांबा, मागची चाकं. मग ट्रेलर. ती हात वर करून मागे-पुढे सांगत होती आणि उस्ताद निमूटपणे ऐकत होता, कारण काट्यावर उभं राहिलं की ही पोरगी घरातली राहत नसे, काट्यावरची होत असे. काट्यावरचा माणूस तिला ओळखत होता. त्याने चिठ्ठी तिच्याच हातात दिली.

मागची चाकं: चार हजार सहाशे चाळीस.

“चार टायर,” सून म्हणाली. “एकावर अकराशे साठ. आणि आपले जुने टायर जोडीत किती घेत होते? एक हजार साठ. तेही हवा पूर्ण असली तर. तो खोल दातांचा नवाही तेवढाच. मी वाचला.”

म्हणजे प्रत्येक टायरवर एक माणूस जास्त बसलेला. वर्षानुवर्षं. थोरलीला उगाच स्वतःचे गुडघे आठवले.

“इतकी वर्षं चाललंच ना?” उस्ताद म्हणाला.

“चाललं बाबा. पण कसं चाललं?”

*

परत दुकानात. टायरवाल्याने जुने टायर काढून ठेवले होते, सहाही, ओळीने आडवे. सून एकेकावर हात फिरवत गेली. मग थांबली. मग मागे गेली, पुन्हा हात फिरवला.

“हे बघा ना. मागच्या चारांच्या दोन्ही कडा झिजल्यात, आतली नि बाहेरची. मधे नक्षी जशीच्या तशी. मधला भाग रस्त्याला टेकलाच नाही. असं कधी होतं?”

टायरवाला खुर्चीतून उठला. आता त्यालाही त्यात रस आला, धंद्याचा विषय होता. “हवा कमी असली की होतं. हवा कमी असली की टायर बसतो, मधून दबतो, कडांवर चालतो. बाजू तापते. एक दिवस फाडकन जातो.”

“पण हवा तर बाबा दर आठवड्याला बघतात. ऐंशी.”

“ऐंशी,” उस्ताद म्हणाला. “पक्की ऐंशी.”

सून बुचकळ्यात पडली. टायरवाल्याने डोकं खाजवलं. उस्ताद हाताची घडी घालून उभा राहिला, निर्दोष. थोरली दाराशी चपला न काढता उभी होती. तिला माहीत होतं. चढाच्या पायथ्याशी ती दरवर्षी पाचर काढायला ट्रकच्या मागे जायची, आणि दरवर्षी तिला तो फुसफुस आवाज ऐकू यायचा, आणि ते मोजणं. ती कधी काही बोलली नव्हती. त्याचं हवेचं काम, तिचं पाचरीचं.

तिने पदर हाताभोवती एकदा गुंडाळला. सोडला.

“चढाखाली हवा सोडतात,” ती म्हणाली.

“कोण?” सून म्हणाली.

“हे. मागच्या चारांतली. चाळीस मोजेपर्यंत.”

उस्तादने बायकोकडे बघितलं. सत्तावीस वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्या पुढे उभी होती असं त्याला वाटलं असावं, कारण तो अर्धं पाऊल मागे सरकला.

“पकडीसाठी सोडतो,” तो म्हणाला. “टायर पसरतो. पसरला की धरतो. बाबांनी शिकवलंय.”

“मामंजींनी शिकवलं तेव्हा तो रस्ता मातीचा होता,” थोरली म्हणाली. तिचा आवाज बारीक निघाला, पण निघाला. “पायाचा घोटा बुडेल एवढी धूळ होती. तेव्हा पसरलेला टायर बरोबर होता. मी पहिल्या वर्षी त्याच धुळीतून चालले. आता किती वर्षं झाली डांबर पडून? मला माहीत आहे ना, माझ्या चपलेखाली असतं ते. डांबरावर पसरून काय धरायचं? ते तर आधीच धरतंय.”

“आणि वर गेल्यावर हवा परत भरायची ना?” सुनेने विचारलं.

“हाताचा पंप आहे,” थोरलीनेच उत्तर दिलं. “कोण भरतंय चार टायर हाताच्या पंपाने? वरचं गाव, मग खालची शेतं, दहा-बारा दिवस तसंच. घरी आल्यावर भरतात. मग आठवड्याला ऐंशी.”

टायरवाला म्हणाला, “वहिनी, तुम्ही दुकान टाका. मी तुमच्याकडे कामाला येतो.”

उस्ताद जुन्या टायरांपाशी गेला. खाली बसला, खरोखर गुडघे टेकून. त्याने कड चाचपली, मग मधला भाग, मग परत कड. बराच वेळ. तो उठला तेव्हा त्याच्या पँटवर गुडघ्यांचे दोन काळे गोल उमटले होते आणि त्याने ते झटकले नाहीत.

“जोडीत तेराशे घेणारा आहे का?” त्याने टायरवाल्याला विचारलं.

“तेराशे वीसचा आहे. पण त्याला दात नाहीत उस्ताद. सरळ रेघा आहेत नुसत्या. दिसायला काहीच नाही.”

“दाखव.”

दिसायला खरंच काहीच नव्हतं. लांबच्या रस्त्याला घालतात तसला, चार सरळ खाचांचा, गुळगुळीत चेहऱ्याचा. उस्तादने अंगठा दाबला. बाजू दबली नाही. त्याने दोन्ही हातांनी दाबली. मग पाय देऊन उभा राहिला. टायर तसाच.

“हवा?”

“शंभर. आणि सोडायची नाही,” टायरवाला म्हणाला, आणि थोरलीकडे बघून, “लक्ष ठेवा वहिनी.”

*

आठ तारीख. सकाळी सात.

चढाच्या पायथ्याशी उस्तादने ट्रक थांबवला, खाली उतरला आणि सवयीने मागच्या चाकाशी उकिडवा बसला. वाल्वचं टोपण काढलं. थोरली पाचरीची दोरी हाताला गुंडाळत होती. तिने टोपण निघाल्याचा तो बारीक आवाज ऐकला आणि तिचे हात थांबले. केबिनमधून सून डोकावली.

तो तसाच बसून राहिला. ओठ हलत होते, पण हवा सुटत नव्हती. मोजत होता की बापाशी बोलत होता, देव जाणे. मग त्याने टोपण परत लावलं, घट्ट फिरवलं, उठला, बायकोच्या हातातून पाचर घेतली आणि केबिनमध्ये पायांपाशी टाकली.

“बस आत.”

“आणि मागे कोण?”

“कोणी नाही.”

“अहो, वेड लागलंय का? गेल्या वर्षी...”

“गेल्या वर्षी मीच हवा सोडली होती,” उस्ताद म्हणाला. “बस.”

ती चढली. दोनदा पाय घसरला, कारण केबिनची पायरी कुठे आहे हेच तिला नीट माहीत नव्हतं. सुनेने हात दिला. तिघं एका बाकावर, सून मधे, थोरली खिडकीशी. इंजिन कण्हलं. ट्रक निघाला.

पहिलं वळण. थोरलीचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जात होता, जणू तिच्याकडेही ब्रेक होता. ती मागच्या आरशात बघत होती. ट्रेलर सरळ येत होता. तिने एवढी वर्षं त्याची पाठ बघितली होती. त्याचं तोंड कसं दिसतं ते तिला आज कळत होतं.

“शेपूट?” उस्तादने विचारलं.

“हलत नाही,” ती म्हणाली.

दुसरं वळण. उस्तादने खालचा गियर टाकला. इंजिनाचा सूर जाड झाला, पण चाकं एका ठेक्यात फिरत राहिली, कुठे अडखळणं नाही, कुठे घसरणं नाही. जुन्या टायरांना चढावर एक वास यायचा, जळक्या रबराचा. थोरलीचं नाक तो शोधत होतं, आणि तो नव्हता.

तिसऱ्या वळणावर ट्रॅक्टर उभा होता. ट्रॅक्टरवाला बोनेटवर बसून डब्यातलं खात होता, आणि साखळी रस्त्याच्या कडेला आधीच उलगडून ठेवलेली होती, नीट, सापासारखी वेटोळी न करता सरळ. सकाळपासून वाट बघत असणार.

“उस्ताद!” तो ओरडला. “थांबताय ना?”

उस्तादने काच खाली केली. वेग कमी केला नाही. “तू खा निवांत,” तो म्हणाला. “खाऊन झालं की ये मागून. तुझ्या चाकाला काही झालं तर तुला ओढू.”

सून खिदळली. ट्रॅक्टरवाल्याचा घास तोंडापाशी राहिला. त्याला केबिनमध्ये थोरली दिसली आणि तो मान वळवून मागे बघू लागला. ट्रेलरच्या मागे, जिथे दरवर्षी एक बाई वाकून चालत असायची, तिथे नुसता रस्ता होता.

“मागे कोणी नाही!” तो किंचाळला. “उस्ताद, मागे कोणी नाहीये!”

“माहीत आहे!” थोरली खिडकीतून ओरडली. एवढ्या मोठ्याने ती आयुष्यात ओरडली नव्हती. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली, आणि मग तिला एवढं हसू आलं की ठसका लागला. सुनेने तिची पाठ थोपटली. उस्ताद समोर बघत होता, पण त्याचे कान हसत होते. कान हसतात हे तिने लग्नाच्या वर्षी बघितलं होतं आणि नंतर विसरली होती.

चौथं वळण. पाचवं. मग चढ संपला आणि रस्ता कठड्याच्या बाजूने आडवा झाला. कठडा माणसाच्या छातीएवढा दगडी होता. दरवर्षी इथे पोचली की थोरली ट्रेलरच्या मागच्या फळीवर बसायची, यंत्राला पाठ लावून, पाय लोंबकळत सोडून, आलेल्या वाटेकडे तोंड करून, आणि तशीच गावात शिरायची.

आज ती केबिनच्या उंचीवर होती. कठड्याच्या पलीकडे, खाली, पाणी होतं. खूप पाणी. एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत, सकाळच्या उन्हात पत्र्यासारखं चकाकणारं, आणि मधे एक लहान होडी, जी हलत होती की नव्हती ते सांगता येत नव्हतं.

“अगंबाई,” ती म्हणाली. “हे कधी झालं?”

उस्ताद वरचा गियर टाकत होता.

गावाच्या तोंडाशी सगळे उभे होते. कारभारी पुढे, त्याच्यामागे गव्हाचे मालक, आणि खळ्याच्या कडेला मुलगा, भुशाने पांढरा झालेला. ट्रक आला तसा कारभारी एकदम मागे बघू लागला, साखळी शोधत. मग ट्रकभोवती एक चक्कर मारली. मागच्या टायरला हात लावला आणि चटकन काढला.

“गरम नाही,” तो म्हणाला, स्वतःलाच.

“गरम कशाला होईल?” थोरली केबिनमधून उतरत म्हणाली. “एकावर अकराशे साठच तर आहे. तेराशे वीसपर्यंत घेतो.”

कारभाऱ्याने उस्तादकडे बघितलं. उस्तादने बायकोकडे. “ती सांगते ते बरोबर आहे,” तो म्हणाला.

“मग उभे काय राहिलात?” कारभारी लोकांवर ओरडला. “पेंढ्या आणा!”

ट्रेलर खळ्यावर लागला. पट्टा लागला. उस्तादने हँडल मारलं, पहिल्यांदा फुसकं गेलं, दुसऱ्यांदा धडधडलं, आणि पहिली पेंढी आत गेली. दुसऱ्या तोंडातून गहू पडायला लागला, पिवळाधमक, थोरलीच्या पसरलेल्या हातांवरून खाली, पोत्यात. सून पोतं धरून उभी होती आणि भरलं की उचलून बघत होती. मुलगा म्हणाला, “पुरे गं, इथे काटा नाहीये.”

“मी आहे ना,” ती म्हणाली.

दुपारपर्यंत दहा पोती झाली. ट्रॅक्टरवाला वर आला तो पायीच आला. तो कारभाऱ्याच्या हातचं पाणी प्यायला, उस्तादच्या मागच्या टायरांपाशी खाली बसला आणि बराच वेळ आकडे वाचत राहिला.

खालच्या त्या धरणात पाणी भरून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.